वाचकांचे प्रश्न : ‘काउंटडाउन’ पाहताना गुणांची वही कशी ठेवावी?

‘काउंटडाउन’ हा ब्रिटनच्या चॅनेल ४ वाहिनीवर दुपारी लागणारा शब्दांचा आणि आकड्यांचा कार्यक्रम. २ नोव्हेंबर १९८२ रोजी ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिच्यावर पहिला लागला तो हाच. मूळ कल्पना फ्रेंच दूरचित्रवाणीची. या वेळी निवडलेली पत्रे सगळी याच कार्यक्रमाबद्दलची आहेत.

प्रश्न : माझी भाची इंग्लंडमध्ये असते. ‘काउंटडाउन’साठी तिची निवड झाली आहे. घरातले सगळे भाग पाहणार आहोत, पण गुण कसे पडतात ते नीट कळत नाही. शेवटचा धावफलक पाहिला की ती कशी खेळली ते समजेल ना? (नाशिक)

धावफलकावरून सामना कोणी जिंकला ते समजेल. भाची कशी खेळली ते मात्र अर्धेच समजेल. कारण या खेळात प्रत्येक फेरीचे गुण सरस ठरणाऱ्यालाच मिळतात. तिने सात अक्षरांचा चांगला शब्द काढला आणि समोरच्याने आठ अक्षरांचा, तर तिच्या नावावर भोपळा. दोघांचे शब्द सारख्याच लांबीचे असले तर दोघांनाही गुण. म्हणजे तगड्या प्रतिस्पर्ध्यासमोर काढलेले ७० गुण हे कच्च्या प्रतिस्पर्ध्यासमोरच्या १०० गुणांपेक्षा चांगल्या खेळाचे असू शकतात.

फेऱ्या एकूण १५. त्यांपैकी १० अक्षरांच्या, ४ आकड्यांच्या आणि शेवटची ‘कनंड्रम’ची. घड्याळ दर फेरीला ३० सेकंदांचे. अक्षरांच्या फेरीत स्पर्धक ‘स्वर’ किंवा ‘व्यंजन’ म्हणत नऊ अक्षरे मागतो. किमान तीन स्वर आणि चार व्यंजने हवीत. शब्दाच्या प्रत्येक अक्षराला एक गुण, पण नऊच्या नऊ अक्षरे वापरली तर दुप्पट, म्हणजे १८. आकड्यांच्या फेरीत सहा चकत्यांवरून तीन आकडी लक्ष्य गाठायचे. नेमके गाठले तर १० गुण, पाचच्या आत आले तर ७, दहाच्या आत आले तर ५. इथेही जो जवळ त्यालाच. कनंड्रम म्हणजे नऊ अक्षरांचा विस्कटलेला शब्द. जो आधी बझर दाबून बरोबर सांगेल त्याला १०. चुकीचे सांगितले तर त्याचा पत्ता कट, उरलेला वेळ दुसऱ्याचा.

एक सूचना. भाग आधी चित्रित होतात, त्यामुळे भाचीला निकाल ठाऊक असणार. तिला खोदून विचारू नका. आणि जिंकली तर तिच्या हाती कार्यक्रमाची ती प्रसिद्ध चहाची किटली येईल. ती विकत मिळत नाही, सामना जिंकूनच मिळवावी लागते.

प्रश्न : मग घरी बसून खेळाचा खरा अंदाज घ्यायला तक्ता कसा आखावा? (ठाणे)

फुलस्केप कागद आडवा धरा. पंधरा ओळी आणि सात रकाने : फेरी, आलेली अक्षरे किंवा आकडे, आपल्या स्पर्धकाने काय सांगितले, समोरच्याने काय सांगितले, त्या फेरीत जास्तीत जास्त काय शक्य होते, मिळालेले गुण आणि शेवटचा, सगळ्यांत महत्त्वाचा रकाना ‘किती हुकले’.

एक फेरी भरून पाहू. समजा टी, आर, ए, आय, एन, ई, डी, एस, जी अशी अक्षरे आली. तीन स्वर, सहा व्यंजने. आपल्या स्पर्धकाने ‘ट्रेन्ड’ सांगितला (टी-आर-ए-आय-एन-ई-डी), सात अक्षरे. समोरच्याने त्याच अक्षरांच्या आधी एस लावून ‘स्ट्रेन्ड’ काढला, आठ. आणि नऊही अक्षरांचा ‘ग्रेडियंट्स’ त्यात दडलेला होता. धावफलकावर आपला शून्य, त्याचे आठ. वहीत मात्र असे लिहायचे : सांगितले ७, शक्य ९, हुकली २.

इथे गुणांची टक्केवारी काढायचा मोह होतो. तो टाळावा. शक्य असलेले गुण १८ धरले तर सातांचे जेमतेम ३९ टक्के होतात आणि बरा खेळलेला माणूस नापास दिसतो. दोष नऊ अक्षरांच्या दुप्पट गुणांचा आहे. म्हणून अक्षरांच्या फेरीत हुकलेली अक्षरे मोजा आणि आकड्यांच्या फेरीत लक्ष्यापासूनचे अंतर. दहा फेऱ्यांत मिळून दहापेक्षा कमी अक्षरे हुकली, तर आमच्या मते तो स्पर्धक पक्का समजावा, मग सामना हरला असला तरी.

‘जास्तीत जास्त’चा रकाना भरायला दोन वाटा. फेरी संपल्यावर शब्दकोशाच्या कोपऱ्यातून, म्हणजे १९९२ पासून तिथे बसणाऱ्या सूझी डेंट यांच्याकडून, सापडलेला मोठा शब्द सांगितला जातो. तो टिपून घ्या. आणि भाग संपल्यावर तीच नऊ अक्षरे शब्द शोधून देणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये घालून ताळा करा. ॲपमधला शब्द कार्यक्रमाच्या ऑक्सफर्ड शब्दकोशात आहे का तेवढे पाहायचे. स्क्रॅबलच्या यादीतले कित्येक शब्द इथे चालत नाहीत, आणि अशा शब्दांमुळे स्पर्धकावर उगाच अन्याय होतो.

चूक झाली तर तीही लिहा, आणि कोणती ते लिहा. शब्द अवैध ठरला की शून्य, आणि समोरच्याचा आखूड पण वैध शब्द असला तर गुण त्याला. अशा चुका तीन प्रकारच्या दिसतात : एकच आलेले अक्षर दोनदा वापरणे, शेवटी ईआर किंवा एस लावून शब्दकोशात नसलेले रूप बनवणे, आणि नुसते स्पेलिंग चुकणे. पहिली घाईची, दुसरी जोखमीची, तिसरी अभ्यासाची. वहीत ‘घ’, ‘ज’, ‘अ’ अशा खुणा केल्या की तीन-चार भागांत स्पर्धकाचा पिंड दिसायला लागतो.

कधी स्पर्धक ‘सात, पण लिहिलेला नाही’ असे म्हणतो. वेळेत शब्द कागदावर उतरला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग त्याला आपला शब्द आधी सांगावा लागतो, म्हणजे दुसऱ्याचा ऐकून तोच उचलायला वाव राहत नाही.

प्रश्न : आकड्यांच्या फेरीत कोणी ‘एक मोठा, पाच लहान’ म्हणतो, कोणी ‘चार मोठे’. यात फरक काय? (कोल्हापूर)

चकत्या एकूण २४. लहान वीस, म्हणजे १ ते १० प्रत्येकी दोनदा. मोठ्या चार : २५, ५०, ७५ आणि १००. कितीही मागता येतात, एकूण सहा व्हायला हव्यात. प्रत्येक चकती एकदाच वापरायची, सगळ्या वापरायलाच हव्यात असे नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चालतो, पण मध्ये कुठेही अपूर्णांक किंवा ऋण संख्या येता कामा नये.

‘एक मोठा’ किंवा ‘दोन मोठे’ मागणारा सुरक्षित खेळतो. उदाहरणार्थ ७५, ९, २, ४, ६, ८ आणि लक्ष्य ५२९. ज्यांनी शाळेत पाऊणकी पाठ केली आहे त्यांना घड्याळाची गरज नाही : सातची पाऊणकी सव्वापाच, म्हणून ७५ × ७ म्हणजे सव्वापाचशे. नवातून दोन गेले सात, वर चार, झाले ५२९. पावकी आणि पाऊणकी या फेरीसाठीच केल्यासारख्या आहेत. २५ ला ११ ने गुणायचे तर ११ ची पावकी पावणेतीन, म्हणून पावणेतीनशे. गुणाकार मांडत बसावा लागत नाही.

‘सहा लहान’ मागणे हा बेभरवशाचा मामला. १, १, २, २, ३, ३ अशा चकत्या आल्या तर काहीही केले तरी ८१ च्या वर जाता येत नाही, म्हणजे दोघेही कोरडे. इतके वाईट क्वचितच येते, पण वहीत ‘शक्य’ काय ते तपासल्याशिवाय स्पर्धकाला बोल लावू नये. नेमके उत्तर निघतच नाही अशीही लक्ष्ये येतात.

‘चार मोठे’ हा जाणकारांचा डाव, कारण त्यात समोरचा गडबडतो. १९९७ मधली एक फेरी आजही दाखवली जाते. चकत्या २५, ५०, ७५, १००, ३, ६, लक्ष्य ९५२. स्पर्धकाने केले ते असे : १०० अधिक ६, १०६. तिप्पट, ३१८. गुणिले ७५, म्हणजे २३,८५०. त्यातून ५० गेले, २३,८००. भागिले २५, बरोबर ९५२. पाहणाऱ्याला वाटते की माणूस यंत्र आहे. खरी गंमत शेवटच्या भागाकारात आहे. ७५ ला २५ ने भागले की ३ आणि ५० ला २५ ने भागले की २. म्हणजे त्याला हवे होते ३१८ ची तिप्पट वजा दोन, ९५४ – २. पण २५ ची चकती एकच, दोनदा भागता येत नाही. म्हणून आधी गुणून, वजा करून, सगळ्याला शेवटी एकदाच भागले. यापेक्षा सोपी वाटही होती : १०० अधिक ३, गुणिले ६, झाले ६१८. त्याला ७५ ने गुणून ५० ने भागायचे, म्हणजे दीडपट, ९२७. अधिक २५.

वहीत मोठ्या चकत्यांची संख्या दर वेळी टिपा. प्रत्येक स्पर्धक सामन्यात दोनदा आकडे मागतो. पुढे असलेला ‘एक मोठा’ मागत राहतो, पिछाडीवरचा अचानक ‘चार मोठे’ किंवा ‘सहा लहान’ मागतो. फरक पडल्याशिवाय अंतर मिटत नाही, आणि सोप्या आकड्यांत फरक पडत नाही.

प्रश्न : सामना खिशात असतानाही स्पर्धक कनंड्रमसाठी जिवाचे रान का करतात? (सोलापूर)

अंतर १० किंवा त्याहून कमी असेल तर कनंड्रमवरच निकाल लागतो, ते वेगळे. पण अंतर मोठे असले तरी गुण वाया जात नाहीत. विजेता पुढच्या भागात परत येतो. लागोपाठ आठ सामने जिंकले की ‘ऑक्टोचॅम्प’ म्हणून निवृत्त होतो. हंगामाच्या अखेरीस पहिले आठ जण बाद फेरीत जातात आणि त्यांचा क्रम आधी विजयांवर, मग एकूण गुणांवर लागतो. दोघांचे आठ-आठ विजय असले की ते दहा गुणच कामी येतात. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर एकूण गुणांची बेरीज चालू ठेवा.

प्रश्न : आपल्याकडचे शब्द चालतात का? (लेस्टर)

इंग्रजी शब्दकोशात असले आणि मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू होत नसले, तर चालतात. विशेषनामे आणि जोडरेघेचे शब्द बाद. साडी, तूप, पनीर, चटणी, बंगला हे सगळे तिथे आहेत. इंग्रजीत मुंगसाला जो शब्द आहे तो मराठीतूनच गेलेला, आठ अक्षरांचा. पण त्याला तीन ‘ओ’ लागतात, तेव्हा आशा ठेवू नका.

प्रश्न : नव्वदच्या दशकातल्या विजेत्यांचे गुण इतके कमी कसे? (पुणे)

तेव्हा फेऱ्याच नऊ होत्या. २००१ पासून पंधरा झाल्या, आणि आज असलेली १० अक्षरांची व ४ आकड्यांची वाटणी २०१३ पासूनची. त्याआधी अक्षरांच्या ११ आणि आकड्यांच्या ३ होत्या. त्यामुळे जुने-नवे गुण शेजारी ठेवू नयेत. ऑस्ट्रेलियात एसबीएस वाहिनीवर २०१० मध्ये सुरू झालेला ‘लेटर्स अँड नंबर्स’ही नऊ फेऱ्यांचाच. तुलना करायचीच तर दर फेरीमागे हुकलेल्या अक्षरांची करा.

प्रश्न : सुट्टीत मुलांबरोबर हा खेळ मराठीत खेळायचा आहे. कसा बसवावा? (बेळगाव)

आकड्यांची फेरी जशीच्या तशी घ्या. पुठ्ठ्याच्या २४ चकत्या पुरेत. लक्ष्यासाठी टेलिफोन डायरी उघडून कुठल्याही क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे घ्या, १०० च्या खालचे सोडून द्या.

अक्षरांची फेरी मात्र तशीच उचलली तर फसते. मराठीत स्वर व्यंजनाला चिकटतात, तेव्हा ‘स्वर की व्यंजन’ हा प्रश्नच निकालात काढा. फक्त व्यंजनांच्या चकत्या करा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार फुकट. क, र, त, न, ल, स, म, प, व यांच्या प्रत्येकी चार, बाकीच्यांच्या दोन, आणि ङ, ञ नकोतच. अ, आ, ए यांसारख्या सुट्ट्या स्वरासाठी दोन कोऱ्या चकत्या ठेवा. जोडाक्षराला दोन्ही व्यंजनांच्या चकत्या लागतील. क, क, र, म, ण, त, स, ल, न आल्या तर करमणूक पाच चकत्यांचा, समकालीन पाच, आणि नमस्कारही पाचच, कारण ‘स्का’ला दोन जातात.

भांडण होणार ते प्रत्ययांवरून. ला, ने, चा, त लावलेली रूपे पहिल्याच डावात बाद करा, नाहीतर प्रत्येक जण शेवटी ‘ला’ चिकटवून एक गुण वाढवत बसतो. अनेकवचन चालवायचे की नाही तेही आधीच ठरवा. आणि शब्दकोश एकच धरा. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ धरला तर जुने आणि बोलीतले शब्दही सापडतात, पण खंड चाळण्यात वेळ जातो. मुलांबरोबर खेळताना एका खंडातला शालेय कोश बरा. तीस सेकंद मराठीत कमी पडतात, पंचेचाळीस द्या.