पुढच्या ॲक्सलचे कोन: पक्के वेल्डिंग करण्यापूर्वी

१९३२ च्या फोर्डला तुम्ही मूळचाच आय-बीम ॲक्सल (I आकाराच्या छेदाचा घडीव दांडा) आणि आडवा पाटा (स्प्रिंग) ठेवणार आहात, हे उत्तम आहे; मात्र इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी चढवून, शेवटी जे टायर राहणार तेच लावून गाडी तिच्या खऱ्या उंचीवर उभी राहीपर्यंत विशबोनचे (ॲक्सलला मागून चेसिसशी जोडणाऱ्या व्ही-आकाराच्या दांड्याचे) ब्रॅकेट फक्त वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारून ठेवावेत, कारण नंतर पुढची बाजू एका अंशाने झुकली तर कॅस्टरही, म्हणजे किंगपिनचा मागे कललेला कोन, तेवढाच घटतो. किंगपिनचा (ज्या उभ्या खिळीभोवती पुढचे चाक वळते तिचा) माथा पाच ते सात अंश मागे कललेला हवा. कोनमापक किंगपिनच्या बॉसच्या (ॲक्सलच्या टोकाला किंगपिन जिथे बसते त्या जाड भागाच्या) सपाट तोंडावर ठेवून दोन्ही बाजू मोजाव्यात. फरक आढळल्यास ॲक्सल पिळलेला आहे का, हे आधी तपासावे.

विशबोन दुभागून त्याची टोके चेसिसच्या दोन्ही कडांना बांधली, तर एक चाक उचलले जाताच ॲक्सलला पीळ बसतो. घडीव आय-बीम तो सोसतो, नळीचा ॲक्सल सोसत नाही. नळीच्या ॲक्सलला फोर-बारच (प्रत्येक बाजूला दोन समांतर दांड्यांची जोडणी) द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सची हालचाल चाकांपर्यंत नेणारा दांडा) आडवा असल्यास पॅनहार्ड बार (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) त्याला समांतर आणि शक्यतो तेवढ्याच लांबीचा ठेवावा, अन्यथा प्रत्येक खड्ड्यात चाके आपोआप वळतील. टो-इन (पुढची चाके समोरच्या बाजूला किती आत वळलेली ते माप) सर्वांत शेवटी, १/१६ ते १/८ इंच ठेवावे.