मानसोपचार नर्सिंग : कॉलेज बघण्याआधी वॉर्ड बघा

मानसोपचार नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणाबद्दल नाशिक जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. त्यांतल्या चार पत्रांना या वेळी उत्तरं देतो आहोत.

प्रश्न : जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा) होऊन सहा वर्षं झाली. खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मानसोपचारात एमएस्सी करायची इच्छा आहे, पण सोबतच्या सिस्टर म्हणतात एक वर्षाचा डिप्लोमा पुरे. काय करू? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : जीएनएमवरून थेट एमएस्सीला बसता येत नाही. आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतर करायची नर्सिंगची पदवी), मग दोन वर्षांचं एमएस्सी, म्हणजे हिशेब चार वर्षांचा. एमएस्सीच्या प्रवेशासाठी बीएस्सीत किमान ५५ टक्के हवेत (राखीव प्रवर्गाला नियमाप्रमाणे सवलत), नोंदणी चालू हवी आणि एक वर्षाचा अनुभव हवा. पोस्ट बेसिकवाल्यांना हा अनुभव त्या अभ्यासक्रमाच्या आधीचाही चालतो, त्यामुळे तुमची सहा वर्षं कामी येतील.

मानसोपचार नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा एक वर्षाचा असतो. नोंदणी आणि वर्षभराचा अनुभव असलेल्या जीएनएमला तो थेट करता येतो. रुग्णाजवळच काम करत राहायचं असेल तर आमचं मत डिप्लोमाच्या बाजूने आहे, कारण त्यातलं बहुतेक वर्ष वॉर्डातच जातं. नर्सिंग कॉलेजात शिकवायचं असेल तर मात्र एमएस्सीला पर्याय नाही.

आता नाशिककरांचा एक नेहमीचा गैरसमज. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच गावात, म्हसरूळला आहे, म्हणून तिथे चौकशी केली की प्रवेश मिळेल असं अनेकांना वाटतं. विद्यापीठ कॉलेजांना संलग्नता देतं आणि परीक्षा घेतं. प्रवेशाचं काम राज्याच्या सीईटी कक्षाकडे (प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाकडे) असतं, तेव्हा तारखा तिथेच बघा. फी भरण्याआधी भारतीय नर्सिंग परिषदेच्या यादीत त्या वर्षासाठी कॉलेजचं नाव, मानसोपचार हा विषय आणि त्यातल्या जागा, तिन्ही तपासा. बीएस्सीची मान्यता असलेल्या कॉलेजाकडे एमएस्सीच्या प्रत्येक विषयाची मान्यता असतेच असं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विद्यार्थ्यांना कोणत्या वॉर्डात पाठवतात. परिषदेच्या एमएस्सी अभ्यासक्रमात विशेष विषयाचं (इथे मानसोपचाराचं) प्रात्यक्षिक पहिल्या वर्षी ६५० तास आणि दुसऱ्या वर्षी ९५० तास आहे. आठवड्याला ४० तास धरले तर अनुक्रमे सोळा आणि चोवीस आठवडे होतात. एवढा वेळ दहा खाटांच्या वॉर्डात काढला तर दुसऱ्या महिन्यापासून तेच तेच रुग्ण आणि तोच तोच केस स्टडी. राज्यात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. नाशिकला त्यांतलं एकही नाही. म्हणून कॉलेजला सरळ विचारा : जुनाट आजाराचा वॉर्ड कुठे दाखवणार, किती आठवडे, राहण्याची सोय कोणाची? व्यसनमुक्ती, बालमानसोपचार आणि शॉक ट्रीटमेंटची खोली यांबद्दलही हेच विचारा. ‘ते होऊन जाईल हो’ असं उत्तर आलं तर दुसरं कॉलेज बघा.

प्रश्न : एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रोसेस रेकॉर्डिंग (रुग्णाशी झालेल्या संभाषणाची शब्दशः नोंद) प्रत्येक वेळी परत येतं. मॅडम म्हणतात ‘हे खरं वाटत नाही’. चुकतं कुठे? – एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : बहुधा ते तुम्ही रात्री होस्टेलवर बसून लिहीत असणार. वेळ गेला की आपली वाक्यं आपोआप शहाणी होतात आणि रुग्णाची आखूड होतात. संभाषण संपल्यावर त्याच ड्युटीत, वॉर्डाबाहेर बसून लिहा. रुग्णासमोर वही उघडू नका, संशयाचा आजार असलेला माणूस तिथेच बंद होतो. पंधरा-वीस मिनिटांचं बोलणं पुरे आहे, तासाभराचं कोणालाच आठवत नाही. नावाऐवजी आद्याक्षरं घाला.

रकाने चार आखा : रुग्ण काय म्हणाला आणि त्या वेळी कसा दिसत होता, मी काय म्हणाले, माझ्या मनात काय आलं, आणि त्याचं विश्लेषण. गोची तिसऱ्या रकान्यात होते. ‘मला सहानुभूती वाटली’ हे एकच वाक्य सगळीकडे असेल तर कोणतीही मॅडम वही परत करणार. भीती वाटली, कंटाळा आला, घड्याळाकडे लक्ष गेलं, हे तसंच लिहायचं. गुण कापले जात नाहीत, उलट चौथ्या रकान्यात लिहायला काहीतरी सापडतं.

उदाहरण घ्या. रुग्ण म्हणतो, ‘चहात विष घातलंय.’ आपण पटकन बोलून जातो, ‘काही नाही हो, प्या.’ हा वाद झाला, आणि भ्रमाशी वाद घातला की भ्रम घट्ट होतो. ‘हो का, कोणी घातलं?’ असं विचारलं तर त्याच्या भ्रमाला आपण खतपाणी घातलं. ‘तुम्हाला भीती वाटतेय हे दिसतंय. मला तसं वाटत नाही, पण बंद पुड्यातली बिस्किटं आणि पाण्याची सीलबंद बाटली देऊ का?’ यात भावना मान्य केली, भ्रम मान्य केला नाही, आणि पोटात काही जाईल याचीही सोय केली. विश्लेषणाच्या रकान्यात तंत्राचं नुसतं नाव टाकू नका. त्या वाक्यानंतर रुग्णाने मान वर केली की तोंड फिरवलं, ते लिहा.

दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधाचंही थोडं. ‘अमुक विषयावरील ज्ञान, शिकवण्याआधी आणि नंतर’ या साच्यातल्या प्रबंधांनी कपाटं भरली आहेत. शिकवल्यावर गुण वाढणारच, त्यात शोधायचं काय? सुरगाणा-पेठमधून द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला कामाला येणाऱ्या रुग्णांची महिन्याची डेपो इंजेक्शनं (मानसिक आजारावरची, बरेच दिवस असर टिकणारी) का चुकतात, हा प्रश्न तुमच्या दारात उभा आहे. फक्त एथिक्स कमिटीची (संशोधन नीतिनियमांत बसतं का ते बघणाऱ्या समितीची) मंजुरी हातात येण्याआधी एकही फॉर्म भरून घेऊ नका, ती माहिती वापरता येत नाही.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात ब्रदर (पुरुष नर्स) आहे. दारू सुटून दोन-तीन दिवस झालेला रुग्ण रात्री बडबडतो, उठून पळतो, नातेवाईक म्हणतात बांधून ठेवा. प्रशिक्षणात याबद्दल काय शिकवतात? – एक वाचक, कळवण

उत्तर : हा वेडाचा झटका नसून दारू तुटल्याचा गंभीर परिणाम असण्याची शक्यता मोठी. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि ४८ ते ९६ तासांत भ्रमिष्टपणा, घाम, थरथर, ताप. म्हणून केस पेपरवर ‘दारू पितो’ एवढंच लिहून भागत नाही, शेवटची कधी घेतली ती वेळ लिहा. रक्तातली साखर बघा. नाडी, रक्तदाब, तापमान आणि डोक्याला मार आहे का ते बघून डॉक्टरांना बोलवा. ग्लुकोज चढवायचं असेल तर थायमिन आधी किंवा निदान सोबत द्यायचं याची आठवण करून द्या, थायमिन कमी असताना नुसतं ग्लुकोज मेंदूला इजा करू शकतं. दारू तुटल्याची लक्षणं मोजणारा सीआयडब्ल्यूए नावाचा दहा मुद्द्यांचा, ६७ गुणांचा तक्ता असतो. तो ठरावीक अंतराने भरला की गोळी-इंजेक्शनाचा डोस अंदाजावर राहत नाही. मात्र रुग्ण प्रश्नांना उत्तरं देण्याच्या अवस्थेत नसेल तर त्या तक्त्यावर विसंबू नका. खोलीत मंद दिवा ठेवा आणि ओळखीचा एकच माणूस जवळ बसवा.

बांधण्याबद्दल २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९७ स्पष्ट आहे. तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि गरजेपुरता वेळ. कर्मचारी कमी आहेत हे कारण कायदा मानत नाही, शिक्षा म्हणून बांधणं तर नाहीच. कारण आणि वेळ नोंदवावी लागते, आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (त्याच्या वतीने बघायला नेमलेल्या माणसाला) २४ तासांत कळवावं लागतं. एकांतात कोंडायला पूर्ण बंदी आहे. तुमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नसले तरी ड्युटी डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय हात लावू नका. बांधावंच लागलं तर पालथं झोपवू नका, छातीवर पट्टा नको. दर पंधरा मिनिटांनी श्वास, बोटांचा रंग आणि पट्ट्याखाली बोट जातं का ते बघा. पाणी आणि लघवी विचारा. ओढणी, गमछा, दोरी वापरू नका, ओढलं की गाठ आवळत जाते.

प्रश्न : डिप्लोमा पूर्ण झाला. आता नोंदणी कुठे? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : दोन ठिकाणी. महाराष्ट्र नर्सिंग परिषदेकडे अतिरिक्त पात्रता म्हणून, आणि २०१७ च्या कायद्याप्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे मानसिक आरोग्य परिचारिका म्हणून. या कायद्याच्या व्याख्येत जनरल नर्सिंगचा डिप्लोमाही बसतो, त्यामुळे प्रमाणपत्र येईपर्यंत मानसोपचार वॉर्डातली ड्युटी सोडायचं कारण नाही. जुन्या नोंदणीचं नूतनीकरण थकलं असेल तर ते आधी उरका, त्यावाचून पुढचा अर्ज अडकतो.