सोडून का देत नाहीत?

या खेपेच्या टपालातली चार पत्रं एकाच विषयाच्या, जाळीआडच्या रानटी प्राण्यांच्या, आसपासची आहेत. म्हणून ती एकत्र घेते.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर ताई. मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. मुलगा ह्यूस्टनला असतो. येत्या हिवाळ्यात तो आम्हा दोघांना गॅल्व्हेस्टन बंदरातून जहाजाच्या सहलीला नेणार आहे. जहाज एक दिवस बेलीझ देशात थांबतं आणि तिथलं प्राणिसंग्रहालय बघायचं त्याच्या मनात आहे. आमच्या मंडळींना हे पसंत नाही. मुकी जनावरं कोंडलेली बघायला सातासमुद्रापार कशाला जायचं, असं तिचं म्हणणं. मुलगा सांगतो, तिथे वाचवून आणलेले प्राणी आहेत. त्यावर तिचा सवाल: वाचवलं ना, मग सोडून का देत नाहीत? तुम्हीच सांगा, जावं का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर: भाऊ, जरूर जा, आणि वहिनींनाही न्या. त्यांनी तो सवाल घेऊनच आत शिरावं. जिथे प्रत्येक पिंजऱ्यापुढे हा सवाल विचारता येतो आणि त्याचं उत्तर मिळतं, ते प्राणिसंग्रहालय बघावं. जिथे मिळत नाही तिथे मी स्वतः तिकीट काढत नाही. भाच्याकडे ह्यूस्टनला गेले होते तेव्हा मी याच मार्गाने बेलीझला जाऊन आले.

मेक्सिकोच्या खाली, समुद्राला लागून असलेला हा एवढासा देश. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या साधारण दुप्पट. शेरॉन माटोला नावाची अमेरिकन बाई तिथे वन्यजीवांच्या माहितीपटासाठी ठेवलेले प्राणी सांभाळायला आली होती. १९८३ मध्ये पैसे संपले, चित्रीकरण आटोपलं आणि पंधरा-वीस प्राणी तिच्या गळ्यात पडले. सगळे माणसाच्या सवयीचे झालेले. जंगलात सोडले असते तर काही उपाशी मेले असते, काही बंदुकीसमोर जाऊन उभे राहिले असते. तिने रस्त्याकडेला पाटी लावली आणि लोकांना आत बोलावलं. तिथून हे संग्रहालय उभं राहिलं. माटोला २०२१ मध्ये वारल्या. संग्रहालय चालू आहे.

वहिनींच्या सवालाचं निम्मं उत्तर यातच आलं. उरलेलं मी प्राण्यांच्या दवाखान्यातल्या माझ्या टेबलावरून देते. पाटणादेवीच्या बाजूने एकदा तरसाचं पिल्लू आणलं होतं. गावातल्या लोकांनी ते फार मायेने वाढवलं होतं, बाटलीने दूध, मग पोळी, मग कोंबडीचे तुकडे. माझ्याकडे आलं तेव्हा ते नीट धावत होतं, दात पक्के होते, अंगावर जखम नव्हती. पण मी खोलीत पाऊल टाकलं की शेपूट खाली घालून थेट माझ्या पायांशी यायचं आणि ॲप्रनचा खिसा हुंगायचं. त्याच्या लेखी माणूस म्हणजे अन्न. असं जनावर रानात सोडलं तर भूक लागली की ते पहिल्या दिव्याच्या दिशेने चालू लागतं, आणि तिथे त्याच्यासाठी काठ्या तयार असतात. अंगाने धडधाकट असूनही ते परत जाऊ शकत नाही. पंख मोडलेल्या गरुडाचं कारण लोकांना दिसतं, या पिल्लाचं दिसत नाही.

आणखी एक कारण जॅग्वारचं. दिसायला आपल्या बिबट्यासारखा, पण थोराड, डोकं मोठं, जबडा भयंकर ताकदीचा. १९८० च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ ॲलन रॅबिनोविट्झ यांनी बेलीझमध्ये जॅग्वारचा अभ्यास केला. गुरं मारतात म्हणून ज्यांना गोळ्या घातल्या, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात आणि अंगात आधीच्या छऱ्यांच्या जुन्या जखमा निघाल्या. म्हणजे आधी कुणीतरी छरे मारून जखमी केला, मग त्याला रानातलं भक्ष्य धरता येईना, मग तो गोठ्याकडे वळला. ही साखळी मी आपल्याकडच्या बिबट्यातही पाहिली आहे. फासात पाय अडकून बोटं गेलेला बिबट्या वासरू नाही धरणार तर काय धरणार? असे गुरांमागे लागलेले जॅग्वार बेलीझचं संग्रहालय ठेवून घेतं. तो जॅग्वार जाळीआड आहे म्हणून जिवंत आहे, एवढं वहिनींना नक्की सांगा.

मला तिथे सर्वांत जास्त आवडलं ते हे की सगळे प्राणी त्याच देशातले. सिंह नाही, जिराफ नाही, हत्ती नाही. जॅग्वार, प्यूमा, ऑसिलॉट ही मांजरकुळातली, हाउलर माकडं, टूकन आणि मकाव हे पक्षी, सगळी त्यांच्या रानातली. जागा मोठी नाही, पण झाडी मूळचीच राखली आहे. पायवाट सावलीतून जाते, प्राणी झाडोऱ्यात असतो आणि तुम्हाला थांबून शोधावा लागतो. पाट्या हाताने रंगवलेल्या, प्राणी स्वतःच बोलतोय अशा ढंगात लिहिलेल्या. नुसतं नाव वाचून पुढे जाऊ नका, सगळी पाटी वाचा.

टॅपिरपाशी घाई करू नका. तो त्यांचा राष्ट्रीय प्राणी. नात्याने घोडा आणि गेंड्याच्या घरातला, अंगाने दीडशे ते तीनशे किलोचा. त्याचं नाक वरच्या ओठासकट पुढे लोंबतं. मी पाहिला तेव्हा तो फांदीतली पानं नाकाने एकेक चाचपत होता. जून पान आलं की नाक बाजूला, कोवळं आलं की त्याला वळसा, आणि पान अलगद तोंडात. नाकाचं टोक ओलं होतं आणि श्वास सोडला की समोरची पानं हलत होती. या नाकाने टॅपिर माणसाची कातडी सोलून काढतो असा समज तिथे खेड्यापाड्यांत होता. संग्रहालयात आजारी पिल्लू म्हणून आलेली एप्रिल नावाची टॅपिर वाढली, आणि शाळेतली मुलं दरवर्षी तिच्या वाढदिवसाला जमू लागली. ज्या मुलांनी तिला पानं खाताना डोळ्यांनी पाहिलं, त्यांना सोलण्याची गोष्ट कोण पटवणार? आपल्याकडे मांडूळ सापाला दोन तोंडं असतात, तो पैशाचा पाऊस पाडतो, या खुळ्या समजापायी त्याची चोरटी विक्री होते. एकेका शाळेने एकदा मांडूळ नीट पाहिलं, त्याची बोथट शेपटी कुठली आणि तोंड कुठलं हे ओळखलं, तर तो धंदा बसेल असं मला मनापासून वाटतं. आणि हो, टॅपिरच्या मागच्या बाजूला उभे राहू नका. तो लघवीची चिळकांडी मागे बरीच लांब उडवतो.

आता जाण्यायेण्याचं. मोठी जहाजं बेलीझ सिटीच्या धक्क्याला लागत नाहीत, समुद्रात नांगर टाकतात आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर आणतात. तिथून संग्रहालय जवळपास पन्नास किलोमीटर. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे आधी विचारा, आणि शक्य तर जहाजाच्याच सहलीतून जा. सकाळची वेळ घ्या, दुपारी प्राणी झोपतात. भुसावळचं ऊन सोसलेल्या माणसाला तिथल्या तापमानाचं काही वाटणार नाही, पण हवा दमट असते, घाम वाळत नाही. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट आणि डासांचं मलम. अमेरिकन डॉलर चालतात, एकाला दोन बेलीझ डॉलर. जॅग्वारजवळ बसून फोटो, प्राण्याला हात लावणं असा काही जादा पैशांचा कार्यक्रम कुणी पुढे केला तर नको म्हणा. त्या पैशाची संग्रहालयाला देणगी द्या.

प्रश्न: ताई, ऊसतोड चालू असताना मजुरांना तीन पिल्लं सापडली. मांजराएवढी, डोळे नुकतेच उघडलेली. बिबट्याची असावीत. बायका म्हणत होत्या, मायनी सोडी दिधं. आम्ही फॉरेस्टवाल्यांना बोलावून दिली. ती आता एखाद्या प्राणिसंग्रहालयात सुखाने वाढतील ना? पुढच्या वेळी घरी थोडं दूध पाजून मग द्यावीत का? – एक शेतकरी, ता. रावेर

उत्तर: दादा, वनखात्याला कळवलंत हे फार चांगलं केलंत. पण पुढच्या वेळी हात लावण्याच्याही आधी कळवा. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा.

मायने सोडलेलं नसतं. बिबट्याची मादी पिल्लं उसात ठेवून शिकारीला जाते आणि परत येते. तोडणीच्या गोंगाटात ती लांब बसून वाट बघते. पिल्लं उचलून नेली की ती त्याच जागी येऊन शोधत फिरते, आणि मग गावात बोलबाला होतो की बिबट्या माजला. जुन्नर भागात वनखातं आणि तिथल्या डॉक्टरांनी यावर जे काम केलं ते मला अतिशय मोलाचं वाटतं. पिल्लं तपासतात, आणि संध्याकाळी सापडल्या जागीच प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात. जवळ कॅमेरा लावतात आणि सगळी माणसं लांब जातात. अंधार पडला की मादी येते, क्रेट पाडते, एकेका पिल्लाच्या मानेची कातडी दातांत धरते आणि घेऊन जाते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. तुमच्या पिल्लांचं असं झालं का, हे त्या साहेबांना जरूर विचारा.

हे झालं नाही तर मात्र पिल्लं जन्मभराची आत. हातावर वाढलेलं बिबट्याचं पिल्लू सोडता येत नाही. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात, नागपूरच्या गोरेवाड्यात त्यांना चांगलं सांभाळतात. पण सुखाने वाढतील का, असं विचारलंत म्हणून सांगते, आईजवळ वाढणं ते वेगळंच. भुसावळच्या वहिनींचा सवाल आठवा. त्या जाळीआडच्या कित्येक पिल्लांना तिथवर नेणारे हात वाईट माणसांचे नव्हते, मायेने उचलणारे होते.

दुधाबद्दल: अजिबात नको. गाईम्हशीच्या दुधाने हगवण लागते आणि एवढंसं पिल्लू दोन दिवसांत वाळून जातं. त्यातून लोक पिल्लू माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजतात. दूध श्वासनलिकेत उतरतं, नाकातून बुडबुडे येतात, आणि न्यूमोनिया होऊन ते आमच्या हातात मरतं. टोपलीखाली सावलीत ठेवा, कुत्री लांब ठेवा, फोटोसाठी हातोहात फिरवू नका. तेवढा फड त्या दिवशी तोडू नका.

आणि पिल्लं मुळात बिबट्याची होती का? अंगावर ठिपकेच ठिपके असतील तर बहुधा बिबट्याची. एकसारखा मातकट रंग आणि फिकट पट्टे असतील तर रानमांजराची. रानमांजर उसात, केळीच्या बागेत सर्रास वितं, उंदीर खातं आणि तुमच्या शेतावर उपकार करतं. त्याची पिल्लं दिसली तर कामाची जागा बदला. मादी रात्रीतून हलवते.

प्रश्न: आमच्याकडे बरीच वर्षं पोपट आहे. अहिराणी बोलतो, सगळ्यांना नावाने हाक मारतो. पोपट पाळणं गुन्हा आहे असं कळलं. उद्या सकाळी पिंजरा उघडून त्याला मोकळं करावं म्हणते. – एक गृहिणी, अमळनेर

उत्तर: ताई, पिंजरा उघडू नका. ऐकलंत ते खरं आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला देशी पोपट पाळता येत नाही. पण इतकी वर्षं हातभर जागेत बसलेल्या पक्ष्याच्या छातीच्या स्नायूंत उडण्याचं बळ राहत नाही. तो समोरच्या भिंतीपर्यंत जाईल आणि तिथे मांजर असेल. शिक्रा कसा दिसतो, उंबर कुठे पिकलाय, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. इतर पोपटांचा थवा त्याला लगेच सामावून घेईल असंही नाही.

वनविभागाच्या कार्यालयात फोन करा आणि पिंजऱ्यासकट त्यांच्या ताब्यात द्या. तिथून तो उपचार केंद्रात जाईल, मोठ्या जाळीत उडायला शिकेल. जमलं तर सोडतील. नाही जमलं तर तो तिथेच राहील, पण त्याच्या जातीच्या इतरांबरोबर. घर सुनं होईल हे मला कळतं. तुम्ही त्याच्यावर जीव लावला आहे. तरी पुन्हा दुसरा आणू नका, आणि बाजारात पिल्लं विकायला आली की शेजारणींनाही थांबवा. पिल्लांसाठी चोर झाडाची ढोलीच फोडतात, म्हणजे पुढच्या वर्षी त्या जोडीला घरच उरत नाही. बेलीझमध्ये पिवळ्या डोक्याचा पोपट याच चोरीपायी धोक्यात आला.

प्रश्न: आमच्या आठवीच्या मुलांची सहल कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाते आहे. मुलांना आधी काय सांगू? – एक शिक्षिका, शहादा

उत्तर: मॅडम, बुधवार सोडून जा, बुधवारी ते बंद असतं. प्राण्यांना चिडवणं, खायला घालणं, आरडाओरडा करणं हा कायद्याने गुन्हा आहे, हे बसमध्येच सांगा. वहीत प्राण्यांच्या नावांची यादी नको. प्रत्येक मुलाने एकच प्राणी निवडावा आणि तो इथे कुठून आला, का आला, परत का जाऊ शकत नाही, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून लिहावं. कात्रजला प्राण्यांचं अनाथालय आहे, तेव्हा विचारायला पुष्कळ मिळेल.

आणि निघण्याआधी त्यांना त्यांच्याच तालुक्याची एक गोष्ट सांगा. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीने सापडलं नव्हतं, नामशेष झालं असंच जग धरून चाललं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना ते परत दिसलं, ते शहाद्याजवळच्या सातपुड्यात. मी ज्या ज्या शाळेत विचारते तिथे मुलांना पेंग्विन माहीत असतो, रानपिंगळा नसतो, आणि मला फार वाईट वाटतं. हे घुबड दिवसा वावरतं, त्यामुळे मुलांना दाखवणं अवघड नाही. कात्रजहून आल्यावर एखाद्या सकाळी वनखात्याची परवानगी आणि माहितगार माणूस सोबत घेऊन तोरणमाळच्या बाजूच्या सागाच्या जंगलात न्या. वीसेक मुलंच न्या, जास्त नकोत. मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावू देऊ नका. दुसरा नर हद्दीत शिरला असं समजून तो घरटं आणि पिल्लं सोडून आवाजामागे धावतो.