दोन तासांच्या आत

प्रिय मित्रा,

डिसेंबरची हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत संपवायची म्हणतोस, तर त्या आकड्याचे आधी तुकडे पाडू. २१.०९७५ किलोमीटर दोन तासांत, म्हणजे किलोमीटरला ५:४१, पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंद. तू मात्र ५:३८ धर. मार्ग मोजतात तो वळणांच्या आतल्या कडेने. गर्दीतून वाट काढताना शे-दीडशे मीटर जास्त धावणं होतंच, आणि तेवढ्यात पाऊण मिनिट जातं.

शर्यतीच्या तीन आठवडे आधी १० किलोमीटर पूर्ण जोर लावून धाव. ५४ मिनिटांत आलास तर गणित जमतं. ५७ लागली तर यंदा २ तास ६ मिनिटं धर. हट्टाने ५:३८ ने सुटलास तर पंधराव्या किलोमीटरला चालावं लागेल.

तुझी धावण्याची वही पाहिली. आठवड्यातले चारही दिवस किलोमीटरला ६:०० च्या आसपास. घोडं इथेच पेंड खातंय. हा वेग थकवतो, पण वेगवान करत नाही. तीन दिवस ६:४५ ते ७:१५ ने धाव, शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतील इतकं सावकाश. स्नायूंतल्या केशवाहिन्या अशा धावण्याने वाढतात, आणि जोराच्या दिवसासाठी पाय ताजे राहतात. मागून येणारा पुढे गेला तर जाऊ दे. हे सगळ्यांत जड जातं, मला माहीत आहे.

जोराचा दिवस एकच, मंगळवार. पणजी-रायबंदर कॉजवे त्यासाठी उत्तम: १६३३-३४ मध्ये बांधलेला, तीन किलोमीटरांहून थोडा लांब आणि सपाट. दोन किलोमीटर सावकाश, मग २० मिनिटं ५:२५ ते ५:३० ने, मग पुन्हा सावकाश. उजाडायच्या आत जा, रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरच्या गाड्या दिसतील असा. रविवारची लांब धाव मिरामार-दोनापावल रस्त्यावर कर. १० पासून सुरू करून दर आठवड्याला एक-दोन किलोमीटर वाढवत १८ पर्यंत जा, पण दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी कर. दिवाळीचा आठवडाच त्यासाठी धर, नरकासुराच्या रात्री झोप होणार नाहीच. १४ च्या पुढच्या धावांत शेवटचे चार किलोमीटर ५:३८ ने.

किनाऱ्यावर लांब धावू नकोस. मऊ वाळूत टाच खोल रुतते आणि टाचेमागची शीर ताणली जाते. ओली वाळू समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागते.

ऑक्टोबरमध्ये घड्याळ बघून निराश होऊ नकोस. दमट हवेत घाम सुकत नाही आणि सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. शरीर रक्त कातडीकडे वळवतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, त्याच वेगाला ठोके चढतात. त्या महिन्यात वेग सोड, दम सांभाळ. तासभर धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन कर: एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर घाम गेला. तो सगळा धावतानाच भरून काढायचा नसतो. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते धोक्याचं. तहानेनुसार घोट-घोट पी. घरी आल्यावर मीठ घातलेली पेज.

शर्यतीच्या आदल्या दिवशी पोई, म्हणजे आपला कोंड्याचा गोवन पाव, नको, तिच्यातला कोंडा सकाळी पोटात गडबड करतो. साधा पाव घे. रात्री शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, चालेल, हुमण बेताचं. पहाटे, सुरुवातीच्या दोन तास आधी, दोन केळी किंवा मध लावलेला पाव. धावताना ऊर्जेसाठी घ्यायचं साखरेचं जेल ४५ मिनिटांना एक आणि १ तास २० मिनिटांना दुसरं, पाण्याबरोबर, आणि त्याच कंपनीचं जे रविवारी पचलंय. मांड्यांना, काखेत, छातीला व्हॅसलीन. नवे बूट त्या दिवशी अजिबात नाहीत.

स्वतःचं घड्याळ सुरुवातीच्या पट्टीवर पाय पडताच चालू कर. पहिले तीन किलोमीटर ५:४५ ने. तिथे गमावलेले २१ सेकंद परवडतात. तिथे घाईने कमावलेले सेकंद शेवटी दुपटीने द्यावे लागतात. मनगटावर पेनाने लिही: पाचव्या किलोमीटरला २८:३०, १० ला ५६:४०, १५ ला १:२४:५०, २० ला १:५३. जीपीएस काहीही सांगो, रस्त्यावरची पाटी खरी. विसाव्या पाटीला १:५३ असेल, तर उरलेल्या ११०० मीटरना तुझ्याकडे सात मिनिटं आहेत.