लेझरने कंपने मोजण्याचा प्रकल्प: विषय फार अरुंद आहे का?

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. लेझर आणि फोटोरिफ्रॅक्टिव्ह स्फटिक वापरून पृष्ठभागाची कंपने मोजण्याचा प्रकल्प तिने घेतला असून पीएच.डी.ही त्यातच करायची, असे ती म्हणते. इतक्या अरुंद विषयावर पुढे नोकरी कोण देणार? शिवाय लेझरमुळे डोळ्यांना अपाय होईल, ही धास्ती वेगळीच. – एक पालक

उत्तर : आपली पहिली शंका रास्त आहे. प्रकल्पाच्या नावातील ‘फोटोरिफ्रॅक्टिव्ह’ हा शब्द धरून बसल्यास विषय खरोखरच अरुंद आहे. ‘कंपने मोजणे’ हे शब्द धरले तर मात्र त्याचा पसारा मोठा आहे. ब्रेक का किंचाळतो, ध्वनिक्षेपकाचा पडदा नेमका कुठे जास्त हलतो, विमानाच्या भागात आतून थर सुटला आहे का, हे सारे प्रश्न शेवटी पृष्ठभाग किती आणि कसा हलतो, यावरच येतात. नेहमीचा संवेदक त्या वस्तूवर चिकटवावा लागतो. पातळ पडद्याचे कंपन त्याच्या वजनानेच बदलते आणि लालबुंद तापलेल्या पोलादावर तो टिकतच नाही. तेथे प्रकाश उपयोगी पडतो.

आता हा स्फटिक कशासाठी, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण मुलीच्या निवडीचे मोल त्यातूनच कळेल. ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा लेझर गुळगुळीत आरशावर टाकला आणि परतलेला किरण त्याच लेझरमधून वेगळ्या काढलेल्या संदर्भकिरणाशी जुळवला, तर आरसा अवघा १३३ नॅनोमीटर सरकताच उजेडाच्या जागी अंधार येतो. कारखान्यातला पृष्ठभाग मात्र खडबडीत असतो. त्यावरून परतणारा प्रकाश असंख्य ठिपक्यांत विखुरतो, प्रत्येक ठिपक्याची कला, म्हणजे प्रकाशलहरीचा टप्पा, वेगळी असते आणि बेरजेत बराचसा संकेत हरवून जातो. फोटोरिफ्रॅक्टिव्ह स्फटिकात हे दोन किरण एकत्र आले की उजळ पट्ट्यांतले प्रभार सुटून अंधाऱ्या पट्ट्यांत अडकतात, त्यातून विद्युतक्षेत्र तयार होते आणि ते स्फटिकाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची क्षमता, जागोजागी बदलते. म्हणजे एक जिवंत होलोग्राम उमटतो. त्याच्या पट्ट्यांवरून विवर्तित होणारा, म्हणजे वळून पसरणारा, संदर्भकिरण परतलेल्या किरणाचे सगळे ठिपके घेऊनच बाहेर पडतो, त्यामुळे दोघे कणाकणाने जुळतात. टेबलाचे डुलणे, हवेतील उष्णतेची हालचाल असे मंद बदल झाले, तर होलोग्राम स्वतःला नव्याने लिहून घेतो. त्याला गाठता न येणारे वेगवान कंपन तेवढे शोधकापर्यंत, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या उपकरणापर्यंत, पोहोचते. बेरियम टायटनेट या कामात मंद, तर गॅलियम आर्सेनाइड बराच चपळ. गंमत अशी की १९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिथियम नायोबेटमध्ये हा परिणाम दिसला, तेव्हा तो स्फटिकाचा बिघाड समजला गेला होता.

मुलीला ही मांडणी एकदा दाखवायला सांगा. साध्या मांडणीत किरणाच्या वाटेखाली नुसता तळहात धरला, तरी प्रकाशपट्टे वाहू लागतात. स्फटिक बसवलेल्या मांडणीत तोच हात तसाच धरला, तरी दहा किलोहर्ट्झने थरथरणाऱ्या आरशाचा संकेत ऑसिलोस्कोपवर (संकेताचा आलेख दाखवणाऱ्या पडद्यावर) फारसा ढळत नाही. हा फरक तिने स्वतःच्या हाताने घडवून आणला असेल, तर ती योग्य ठिकाणी शिकते आहे असे मी म्हणेन.

नोकरीबाबत स्पष्टच लिहितो. बाजारात मिळणारी बहुतेक लेझर कंपनमापके डॉप्लर तत्त्वावर (हलत्या वस्तूवरून परतलेल्या प्रकाशाची वारंवारता बदलते, यावर) चालतात आणि त्यांत असा स्फटिक नसतो. म्हणून केवळ स्फटिकाची तज्ज्ञ अशी ओळख घेऊन ती बाहेर पडली, तर मोजक्याच संशोधनगटांत तिला जागा मिळेल. याउलट, मांडणी जुळवणे, गोंगाटातून संकेत वेगळा काढणे, आलेला आकडा दुसऱ्या पद्धतीने पडताळणे आणि त्यातील त्रुटी किती हे लेखी सांगणे, ही कामे तिला येत असतील, तर अविनाशी चाचणी (वस्तू न मोडता केलेली तपासणी), प्रकाशीय मोजमाप आणि उपकरणनिर्मिती या तिन्ही क्षेत्रांत तिचा विचार होईल. त्यामुळे प्रकल्पात साध्या त्वरणमापकाशी (वस्तूवर चिकटवायच्या नेहमीच्या संवेदकाशी) तुलना करणारे एक प्रकरण असावे, असा आग्रह तिने मार्गदर्शकांकडे धरावा. पीएच.डी.साठी मात्र स्फटिकाचे नाव पाहून गट निवडू नये; ज्यांच्याकडे मोजण्यासारखी खरी वस्तू आहे, मग ती पाते असो वा पापुद्रा, त्यांच्याकडे जावे. कंपनाचे यांत्रिकी तिला तेथे नव्याने शिकावे लागेल आणि भौतिकशास्त्राचे विद्यार्थी नेमके त्याचाच कंटाळा करतात, हे तिला आधीच सांगून ठेवा.

डोळ्यांची धास्ती अनाठायी नाही. गॅलियम आर्सेनाइडसाठी बहुधा १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर वापरतात. तो दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही, आणि डोळ्यातील भिंग मात्र तो नेत्रपटलावर एकवटतेच. हिरव्या लेझरसाठीचा चष्मा अवरक्त किरण अडवेलच असे नाही. हातातील अंगठी, घड्याळ काढून ठेवणे आणि किरण बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत न ठेवणे, या सवयी प्रयोगशाळेत पहिल्या दिवशीच लावाव्या लागतात. तिच्या चष्म्यावर तरंगलांबी छापलेली असते. ती लेझरवर लिहिलेल्या तरंगलांबीशी जुळते का, एवढे आज रात्रीच तिला विचारा.