सोलापुरात विजापूर रोड रुंद केला तर कोंडी आणि धूर कायमचा कमी होईल का?

कायमचा नाही, सुरुवातीला सुटसुटीत वाटेल, मग रस्ता पुन्हा भरेल. रस्ता मोकळा दिसला की आतल्या गल्ल्यांतून जुळे सोलापूर या उपनगरात जाणारे मुख्य रस्त्यावर येतात, सकाळी आठलाच निघणारे साडेनऊला निघतात, बसने जाणारे दुचाकी काढतात. दुरांतोन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दाखवलं, की महामार्गाच्या लेन १० टक्के वाढल्या की तिथल्या वाहनांचे एकूण किलोमीटरही जवळपास तेवढेच वाढतात. धुराचं गणित इथेच फसतं: सिग्नलला इंजिन नुसतं घरघरणं कमी होतं, पण वाढलेल्या किलोमीटरांचं इंधन ती बचत खाऊन टाकतं. आर्थिक फायदा शून्य नसतो, जास्त माणसं आणि माल पोचतो. पण प्रकल्प अहवालाने वाहनं वाढणारच नाहीत असं धरून वाचलेला वेळ मोजला असेल, तर तो आकडा फुगलेला समजा. एक मात्र आहे: कोंडी एकाच जागी असेल, म्हणजे डाव्या वळणावर थांबलेल्या रिक्षा किंवा चढाला रखडलेली उसाची ट्रॉली, तर तेवढी जागा मोकळी करूनच बराच फरक पडतो, आणि तो रुंदीकरणापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.