रँग्लर परांजपे : फर्ग्युसन, मंत्रिपद आणि कॅनबेरा

तुमचा प्रश्न असा : ‘आयुष्यभर शिकवलेला माणूस राजकारणात आणि पुढे राजदूत म्हणून खरोखर काही करू शकतो का? आपल्याकडे असं कुणी होऊन गेलंय का?’

माझ्या डोळ्यांपुढे लगेच रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आले. मी गणित शिकवतो, त्यामुळे हे नाव लहानपणापासून कानावर आहे. पण बहुतेकांना त्यांची एकच गोष्ट माहीत असते : १८९९ साली ते केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले, म्हणजे पहिले आले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. (पहिला क्रमांक एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून होता, हे सहसा कुणी सांगत नाही. त्यानं काही बिघडत नाही.) त्यानंतर ते ६६ वर्षं जगले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वर्षांत आहे.

दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा. जन्म १८७६ चा. नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांचा, म्हणजे पुढच्या महर्षी कर्व्यांचा, शिक्षणासाठी मोठा आधार मिळाला. केंब्रिजहून परतल्यावर सरकारी खात्यात भरपूर पगाराची जागा सहज मिळाली असती. त्याऐवजी ते पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. म्हणजे तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं शिकवण्याची बांधिलकी. १९०२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि पुढची वीसेक वर्षं कॉलेज त्यांच्याच हाती राहिलं.

याच काळातली एक गोष्ट त्यांच्या विरोधात नेहमी सांगितली जाते, आणि ती खरी आहे. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा विद्यार्थी असलेल्या विनायक सावरकरांना त्यांनी दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. मला तो निर्णय पटत नाही. पण परांजपे गोखल्यांच्या मुशीतले नेमस्त होते. सनदशीर मार्ग सोडायचा नाही ही त्यांची श्रद्धा होती, आणि तिच्यापायी लोकांचा रोष ओढवला तरी त्यांनी ती सोडली नाही. त्यांच्या राजकारणाचं बळ आणि मर्यादा, दोन्ही इथे दिसतात.

आता मंत्रिपद. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. इंग्रज सरकारच्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती, म्हणजे कारभाराची दोन भागांत वाटणी, आणली आणि १९२१ मध्ये परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. या पद्धतीत शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती भारतीय मंत्र्यांकडे ‘सोपीव’ होती. अर्थखातं मात्र ‘राखीव’, म्हणजे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. शाळा मंत्र्यानं काढायच्या आणि पैसा दुसऱ्यानं मोजून द्यायचा! एवढ्या अडचणीतही १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा त्यांच्या कारकिर्दीत झाला. प्राथमिक शाळांचा कारभार त्यानं नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे दिला आणि शिक्षण सक्तीचं करण्याची वाट खुली केली. पैशाअभावी सक्ती बऱ्याच ठिकाणी कागदावर राहिली, हेही खरं. पण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडलेलं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळलं गेलं होतं. त्यांच्याच शिष्याच्या हातून मुंबई इलाख्यात एवढं तरी झालं, याचं मोल मला फार वाटतं.

पुढे १९२४ मध्ये या सुधारणांची तपासणी करायला मडिमन समिती नेमली, तिच्यावर परांजपे होते. सप्रू, शिवस्वामी अय्यर आणि जीना यांच्याबरोबर त्यांनी वेगळा, अल्पमताचा अहवाल दिला : द्विदल पद्धती फसली आहे, डागडुजीनं भागणार नाही, घटनाच बदलायला हवी. ज्यानं त्या पद्धतीत प्रामाणिकपणे काम केलं, त्यानंच ती निकामी असल्याचं लिहून दिलं. शिक्षकी पेशातून आलेल्या माणसाचा मला इथे सगळ्यात जास्त उपयोग दिसतो. आपण स्वतः राबवलेल्या गोष्टीची परीक्षा घेताना त्यांनी गुण वाढवून दिले नाहीत.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९२७ ते १९३२ लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांच्या) सल्लागार कौन्सिलचे सदस्य, मग १९३८ पर्यंत लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू.

१९४४ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांना भारताचे पहिले हायकमिशनर, म्हणजे राजदूताच्या जागी असलेले प्रतिनिधी, म्हणून ऑस्ट्रेलियात कॅनबेराला पाठवलं. देश अजून पारतंत्र्यात होता. ज्या देशात ते गेले, तिथे १९०१ पासूनच्या स्थलांतरविषयक कायद्याच्या आधारे आशियाई लोकांना वसाहतीला बंदी होती. अधिकाऱ्यानं कुठल्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखन घालायचं आणि नापास करून परत पाठवायचं, अशी ती रीत. अशा ठिकाणी सन्मानानं वावरणं, भारत हा स्वतंत्र मनाचा देश आहे हे समोरच्याला जाणवून देणं, हेच मोठं काम होतं. १९४७ पर्यंत ते तिथे होते. मुलगी शकुंतला आणि लहानगी नात सई याही त्यांच्यासोबत राहिल्या. सई परांजपे पुढे चित्रपट दिग्दर्शिका झाल्या, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर : हो, करू शकतो, पण निवडणुकीच्या मैदानात त्याचा निभाव लागेलच असं नाही. परांजप्यांच्या मागे जनसमुदाय कधीच नव्हता. देवधर्माबद्दलची परखड बुद्धिवादी मतंही त्यांनी लपवली नाहीत, आणि ती लोकप्रिय होणारी नव्हती. १९२० नंतरचं राजकारण गांधीजींच्या मागे गेलं आणि नेमस्त बाजूला पडले. परांजप्यांना बहुतेक कामं मिळाली ती नेमणुकीनं. अशा माणसाचं मोजमाप मतांच्या आकड्यांनी करू नये, त्यानं हातातल्या खात्याचं काय केलं ते पाहावं.

परदेशातून आल्यावरही ते शिक्षणाकडेच वळले. १९५६ ते १९५९ या काळात, ऐंशी उलटलेली असताना, ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. तुम्हाला या विषयात खोलात जायचं असेल तर आधी १९२३ चा तो कायदा आणि मडिमन समितीचा अल्पमताचा अहवाल वाचा. सीनियर रँग्लरची गोष्ट कुणीही सांगेल.